उताराच्या लॉनवर बसून चालवायचा मोवर (गवत कापायचं यंत्र) आडवा फिरवावा की वर-खाली?

वर-खाली. आडवा नेला तर तो बाजूला कलून चालकासकट उलटू शकतो. अमेरिकेतल्या बहुतेक लॉन ट्रॅक्टरांच्या (म्हणजे अशाच बसून चालवायच्या मोवरांच्या) माहितीपुस्तिकेत १५ अंशांची मर्यादा असते, म्हणजे १० फुटांत साधारण २.७ फूट चढ. सोपी पारख: रिव्हर्समध्ये चढत नसेल तर तिथलं गवत मोवरने कापूच नका. उतारावर थांबणं-वळणं टाळा, आणि गवत ओलं असेल तर कापायचंच राहू द्या. (ढकलायच्या मोवरचं नेमकं उलटं: तो आडवाच चालवतात, नाहीतर घसरलेला पाय पात्याखाली जायचा.) फक्त झिरो-टर्नला (जागच्या जागी वळणारा, बसून चालवायचा मोवर) हे सरसकट लावू नका. त्याची मागची चाकं घसरली की स्टिअरिंगच हातातून जातं, तेव्हा त्याच्या पुस्तिकेत असेल तेच खरं.