सेल्फ-प्रोपेल्ड पार्टिकलला ‘स्वयंचलित कण’ म्हणावं का?

तुम्ही विचारलंय की ॲक्टिव्ह मॅटरबद्दल मराठीत लिहिताना त्याला ‘सक्रिय पदार्थ’ आणि सेल्फ-प्रोपेल्ड पार्टिकलला ‘स्वयंचलित कण’ म्हटलं तर चालेल का. पहिल्याचं उत्तर सोपंय. सक्रिय ठीक, पण पदार्थाऐवजी द्रव्य घ्या. ‘सक्रिय पदार्थ’ वाचलं की औषधाच्या गोळीतला सक्रिय घटक आठवतो, आणि इथे असा कुठला एक घटक नाहीये, इथे कणांच्या अख्ख्या समूहाला मिळून एक द्रव्य मानलंय, फक्त त्यातला कण न् कण ऊर्जा खर्च करून चालत असतो.

‘स्वयंचलित’ मात्र मला अजिबात नको वाटतो. मराठीत तो ऑटोमॅटिकसाठी इतका पक्का बसलाय (स्वयंचलित दरवाजा, स्वयंचलित यंत्रणा) की वाचणारा ‘माणसाचा हात न लागता चालणारा’ असाच अर्थ घेणार. कणांच्या बाबतीत माणूस आहे की नाही हा प्रश्नच नसतो. गतीसाठी लागणारी ऊर्जा कुठे शिरते आणि दिशा कोण ठरवतं, हा असतो.

यासाठी आपल्याकडे हलणं आणि चालणं हे दोन साधे शब्द आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करू. 1827 मध्ये रॉबर्ट ब्राऊननं परागकणांमधून निघालेले बारीक कण पाण्यात सतत थरथरताना पाहिले, मग दगडाची धूळ टाकून बघितली तर तीही तशीच थरथरत होती, म्हणजे याचा जिवंतपणाशी संबंध नाही हे त्याला कळलं, आणि पाण्याच्या रेणूंच्या धडका बसून हे होतं हा हिशोब 1905 मध्ये आइन्स्टाइननं मांडला. ते कण हलतात. ते चालतात असं आपण कोणी म्हणणार नाही. आता ई. कोलाय बॅक्टेरिया घ्या. लांबी साधारण 2 मायक्रॉन, शेपट्यांची जुडी फिरवत सेकंदभर जवळपास सरळ जातो, मग सेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ गडबडून जागच्या जागी वळतो आणि नव्या दिशेनं निघतो. हे चालणं झालं (पोहणं म्हणा हवं तर). आणि त्यासाठी जीव असायलाच पाहिजे असंही नाही, प्लास्टिकच्या सूक्ष्म मण्याला अर्ध्या बाजूनं प्लॅटिनमचा थर देऊन हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये सोडला की प्लॅटिनमच्या बाजूला पेरॉक्साइडचं विघटन होत राहतं आणि मणी ती बाजू मागे ठेवून पुढे जातो. पाण्याच्या धडका त्यालाही बसतातच, त्यामुळे त्याचं तोंड हळूहळू भलतीकडे वळत जातं. म्हणजे तो चालतोही आणि हलतोही.

याच मण्यामुळे ‘स्वयंप्रेरित’ बाद होतो, कारण प्रेरणा म्हटलं की मागे मन आलं, इच्छा आली. ‘स्वगामी’ दिसायला छान पण ऊर्ध्वगामी, अधोगामी या शब्दांत गामीच्या आधी जायची दिशा असते, त्या चालीनं स्वगामी म्हणजे स्वतःकडेच जाणारा असं वाचलं जाईल. ‘स्वयंप्रणोदित’ (स्वतःच स्वतःला पुढे ढकलणारा) अर्थानं चोख आहे पण चार वेळा लिहिला की वाचणारा दमेल.

मला मनापासून आवडतं ते ‘स्वबळावर चालणारे कण’. वाचणाऱ्याला लगेच कळतं. पण फिजिक्सवाल्यांची एक हरकत येईल आणि ती रास्त आहे. इतक्या लहान आकाराला पाणी मधासारखं चिकट वाटतं, तिथे बॅक्टेरिया पाण्याला मागे ढकलतो तेवढाच पाण्याचा विरोध त्याच्यावर असतो आणि एकूण बळ शून्य येतं, शेपटी थांबली की तोही तिथल्या तिथे थांबतो. मग ‘स्वबळ’ लिहायचं कसं? माझं मत असं की सर्वसाधारण लेखात बिनधास्त लिहा, तिथे बळ म्हणजे कुवत, पण जिथे बलांची समीकरणं येणार असतील तिथे ‘स्वचल कण’ वापरा. अचल शब्द सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे स्वचल अडणार नाही.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतला 2014 चा प्रयोग या शब्दाची चांगली परीक्षा घेतो. एका टोकाला निमुळत्या केलेल्या पितळेच्या छोट्या सळ्या ॲल्युमिनियमच्या मण्यांमध्ये पसरायच्या आणि खालची प्लेट वर-खाली थरथरवायची. ऊर्जा तर उघड उघड प्लेटमधून येते, मग यात स्व कुठला? तर प्लेट कुठल्याच सळीला डावीकडे जा की उजवीकडे जा हे सांगत नाही. प्रत्येक सळी मिळालेली थरथर आपल्या आकारामुळे आपल्या अक्षाच्या दिशेनं वळवते, आणि पुरेसे मणी असले की विरळ पसरलेल्या सळ्यासुद्धा एका दिशेनं जायला लागतात. म्हणून ‘स्व’ दिशेशी बांधलेला ठेवा, ऊर्जेच्या उगमाशी नको.

आणि ‘चल’ का सोडू नये तेही सांगतो. 1995 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ तमाश विचेक आणि सहकाऱ्यांनी संगणकावरच्या कणांसाठी अगदी साधा नियम घेतला, प्रत्येक कणानं ठराविक वेगानं जायचं आणि जवळच्या कणांची सरासरी दिशा धरायची, थोडी चूक होऊ द्यायची. चूक कमी आणि गर्दी पुरेशी असली की सगळा थवा एका दिशेला लागतो. हेच कण दिशा दाखवणाऱ्या बाणांसारखे जागेवर खिळवून, सपाट पृष्ठभागावर उष्णतेच्या समतोलात ठेवले तर शेजाऱ्याकडे बघून कितीही वळले तरी लांबवर एकमत टिकत नाही. चालणाऱ्यांमध्ये ते टिकू शकतं हे जॉन टोनर आणि युहाई तू या भौतिकशास्त्रज्ञांनी त्याच वर्षी दाखवलं, कारण कण चालतात म्हणून शेजारी बदलत राहतात आणि दिशेची बातमी लांब पोचते. इतका फरक ज्या एका क्रियेनं पडतो ती शब्दात दिसायला हवी, म्हणून लेखात पहिल्यांदा ‘स्वबळावर चालणारे म्हणजेच स्वचल कण’ लिहा आणि पुढे नुसतं स्वचल.