बुकमेकिंग म्हणजे पुस्तक तयार करणं, मग सट्ट्याच्या बातम्यांत हा शब्द कसा?

तुम्ही विचारलेले दोन्ही अर्थ बरोबर आहेत. पुस्तकाचा अर्थ जुना. पैजेचा अर्थ एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या घोड्यांच्या शर्यतींमुळे रूढ झाला. आज मागेपुढे काही संदर्भ नसेल, तर बहुतेक जण सट्टाच समजतात. हाताने पुस्तकं बांधणारे कलाकार मात्र आपल्या कामाला अजूनही बुकमेकिंग म्हणतात. त्यांच्याविषयी मराठीत लिहिताना 'पुस्तकबांधणी' लिहावं, म्हणजे घोटाळा होत नाही.

सट्ट्यातलं 'बुक' म्हणजे हिशेबाची वही: कोणी, कोणावर, किती आणि कोणत्या भावाने लावले याची नोंद. बुकमेकरचं, म्हणजे बुकीचं, खरं कसब ही वही जुळवण्यात असतं. समजा दोन तुल्यबळ खेळाडू आहेत. चोख भाव दोघांवरही २ हवा, म्हणजे १०० लावणाऱ्याला जिंकल्यावर २०० मिळावेत. बुकी भाव देतो १.९०. दोन्हीकडे शंभर-शंभर आले, तर जमा २०० आणि देणं १९०. कोणीही जिंको, १० त्याचेच.

पण लोक असे समसमान विभागून लावत नाहीत. एकावर ३०० आणि दुसऱ्यावर १०० आले, तर पहिला जिंकल्यावर जमा ४०० आणि देणं ५७०, म्हणजे १७० चा खड्डा. म्हणून बुकी पहिल्याचा भाव उतरवतो, दुसऱ्याचा चढवतो आणि पैसा दुसऱ्या बाजूला वळवायला बघतो. भाव पडला की 'आतली बातमी फुटली' असं अनेकांना वाटतं, ते मला फार घातक वाटतं. आतली बातमी कधी असेलही, पण पुष्कळदा एका बाजूला पैसा जास्त झालेला असतो, इतकंच. शिवाय भावात बुकीचा वाटा आधीच कापलेला असतो, त्यामुळे सतत लावत राहणाऱ्या बहुतेकांच्या खिशातून पैसे जातातच.

हे शब्द वापरताना एक काळजी घ्या. पैज घेतो, भाव ठरवतो तो बुकमेकर. पैसे लावणारा पंटर. बातम्यांतही कधीकधी दोघांना सरसकट 'बुकी' म्हटलेलं दिसतं, ते चूक आहे. आणि प्रत्येक पैजेत बुकमेकर असतोच असं नाही. टोटलायझर पद्धतीत सगळ्यांचे पैसे एकत्र करतात, चालवणाऱ्याचा वाटा काढतात आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. अंतिम भाव शर्यतीआधी कोणालाच माहीत नसतो, आणि निकाल काहीही लागला तरी चालवणाऱ्याचा वाटा ठरलेला असतो. तिथे पैज आहे, पण बुकमेकिंग नाही.