ग्राइंडरचं बेअरिंग काढताना

आर्मेचरच्या (मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या) मागच्या टोकाचं बेअरिंग हलत नाही म्हणून हातोडा उचलू नकोस. त्या ठोक्याने शाफ्ट वाकतो, नाहीतर कम्युटेटरला (ज्यावर कार्बन ब्रश घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या भागाला) तडा जातो, आणि मग शंभराच्या आतलं काम आर्मेचरच्या किमतीवर जातं. मी हे एकदा करून बसलोय.

दोन पायांचा छोटा पुलर, म्हणजे बेअरिंग ओढून काढायचं अवजार, घे. पाय बेअरिंगच्या आतल्या रिंगेमागे अडकायला हवेत. जागाच नसेल तर बाहेरच्या रिंगेला धरून ओढ, ते बेअरिंग तसंही फेकायचंच आहे. गॅसची ज्योत मात्र लावू नकोस, वाइंडिंगचं, म्हणजे गुंडाळलेल्या तारेवरचं, वार्निश जळतं.

नवं घेताना जुन्यावरचा नंबर वाच. ६०७ आणि ६०८ हातात सारखेच वाटतात, पण एकाचं भोक ७ मिमी, दुसऱ्याचं ८. धुळीचं काम असेल तर रबर सीलचंच माग.

बसवताना मात्र बाहेरच्या रिंगेची सूट नाही: दाब फक्त आतल्या रिंगेवर. त्या मापाचा बॉक्स पाना किंवा पाइपचा तुकडा ठेव, शाफ्टला तेलाचा थेंब लाव, हलके ठोके दे. पूर्ण बसलं की ठोक्याचा आवाज बदलतो, तिथे थांब.