क्लिनिकल प्रशिक्षण सुधारायचं तर अभ्यासक्रमात आधी काय बदलावं?

वैद्यकीय अभ्यासक्रम नव्याने आखायला घेतला तर पहिला बदल कोणता करावा, असं तुम्ही विचारलंय. मी वॉर्डात शिकवतो, म्हणून माझं उत्तर तिथलंच आहे. विद्यार्थी रुग्ण तपासत असताना शिक्षकाने शेजारी उभं राहून बघायचं, आणि त्यासाठीचा वेळ वेळापत्रकातच राखून ठेवायचा. विषयांची जोडतोड त्यानंतर.

सध्या होतं काय, विद्यार्थी एकटाच हिस्टरी घेतो, एकटाच तपासतो आणि राउंडला केस प्रेझेंट करतो. आपण गुण देतो ते त्या बोलण्याला. 'लिव्हर हाताला लागत नाही' असं तो ठासून सांगतो, पण हात कुठून सुरू केला हे कुणी पाहिलेलंच नसतं. लिव्हर खूप वाढलेलं असेल आणि बोटं थेट बरगडीखाली ठेवली, तर त्याची कड सापडणारच नाही. सुरुवात पोटाच्या उजव्या बाजूला अगदी खालून करायची, रुग्णाला दीर्घ श्वास घ्यायला सांगायचं आणि श्वासागणिक वर सरकत जायचं. दुखरी जागा शेवटी, नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर. हे सगळ्यांनी वाचलेलं असतं, तरी पोरं आपल्याच हाताकडे बघत बसतात! शेजारी कुणी असेल तर ही खोड दोन मिनिटांत सुटते.

वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये डॉक्टरच्या कौशल्याच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि रोजच्या कामात खरोखर करणं. लेखी पेपर आणि व्हायवा पहिल्या दोन पायऱ्यांवरच घुटमळतात. हार्डन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीहून मांडलेली ओएससीई, म्हणजे एकेका टेबलावर ठरलेलं काम करून दाखवायची परीक्षा, तिसरीपर्यंत नेते. चौथी फक्त वॉर्डात आणि ओपीडीतच दिसते. तिच्यासाठी मिनी-सीईएक्स ही छोटी परीक्षा आहे: पंधरा-वीस मिनिटं खऱ्या रुग्णासोबतचं काम बघायचं आणि लगेच बोलायचं. 'छान, वाचत राहा' हा फीडबॅक नव्हे. 'छातीत दुखतंय म्हटल्यावर तू कळ कुठे जाते ते विचारलंच नाहीस' हा फीडबॅक.

पुतळ्यांवर हात बसवण्याची स्किल लॅब हवीच, कॅथेटर आणि टाके तिथेच शिकावेत. पण पुतळा लाजत नाही, आणि दारूबद्दल खोटंही बोलत नाही.

आखणी मात्र उलटी करा. इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी विद्यार्थ्यावर कोणती कामं सोपवता आली पाहिजेत, ती आधी लिहा. डच शिक्षणतज्ज्ञ ओले टेन केट यांची ईपीएची, म्हणजे विश्वासाने सोपवता येणाऱ्या कामांची, कल्पना साधारण हीच. मग ती कामं तपासणारी परीक्षा ठरवा, लेक्चरं सगळ्यात शेवटी. जे परीक्षेत विचारलं जात नाही ते विद्यार्थी वाचत नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही.

खरी अडचण शिक्षकांची. बढती शोधनिबंधांवर मिळत असेल, तर खाटेशेजारी कोण उभं राहील? मग पोस्टिंग संपताना लॉगबुकवर, म्हणजे विद्यार्थ्याने केलेल्या कामांच्या नोंदवहीवर, न बघताच एकगठ्ठा सह्या होतात. म्हणून सगळीकडे एकदम लागू करू नका. एकाच विभागात, प्रत्येक विद्यार्थ्याचं आठवड्याला एक निरीक्षण ठरवा. तेवढं करायला किती शिक्षक-तास लागतात हे हाती आलं, की तो आकडा घेऊनच अभ्यासक्रम समितीसमोर बसा.