कोल्हापूर सोलापूरइतकं तापत का नाही, आणि पुढेही असंच राहील का?
समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंची हे एक कारण, पण सोलापूरही साडेचारशेवर आहेच. खरी मेख पश्चिमेला. सह्याद्री जवळ, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये दुपार कितीही भाजली तरी संध्याकाळी समुद्राकडचा वारा घाट चढून येतो. वळीवही अधूनमधून गाठतो. जूननंतर तर ढग ऊनच लागू देत नाहीत.

पुढचं म्हणाल, तर जग तापतंय तसं कोल्हापूरही तापणार, त्यातून सुटका नाही. वर आपली भर: डांबर, स्लॅब, पत्रे दिवसभर ऊन पितात आणि रात्री सोडतात. मे महिन्यात रात्री दहाला आधी राजारामपुरीच्या दाट वस्तीतल्या गल्लीत, मग रंकाळा तलावावर फिरून बघा, फरक अंगालाच कळेल. म्हणून दुपारच्या पाऱ्यापेक्षा किमान तापमानावर लक्ष ठेवा. सिमेंटचा परिणाम तिथं आधी दिसतो.