खाते तेच, मग शब्दसंग्रह रिकामा का?

प्रश्न : मी खानापुरात कन्नडमधील जमिनीच्या कागदपत्रांचे मराठी भाषांतर करून देते. पहाणी (सातबारासारखा जमिनीचा उतारा), फेरफार, खरेदीखत यांतील सुमारे 1,500 कन्नड-मराठी शब्दजोड्या मी क्रोम ब्राउझरच्या एका एक्स्टेन्शनमध्ये (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्राममध्ये) जमवल्या आहेत. नव्या लॅपटॉपवर त्याच खात्याने साइन इन केल्यावर एक्स्टेन्शन आपोआप आले, पण शब्दसंग्रह रिकामा दिसतो. जुना संगणक विकायचा आहे. शब्द गेले का?

उत्तर : शब्द जुन्या संगणकातच असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून तो विकण्याचे तूर्त थांबवावे आणि त्यावरील एक्स्टेन्शन काढून टाकू नये, कारण एक्स्टेन्शन काढले की त्याने त्या संगणकावर साठवलेला मजकूरही पुसला जातो.

साइन इन केल्यावर क्रोम कोणती एक्स्टेन्शने बसवलेली आहेत एवढे दुसऱ्या संगणकावर नेते. त्यांच्या आतला मजकूर न्यायचा की नाही, हे एक्स्टेन्शन तयार करणारा ठरवतो. त्याच्यापुढे दोन कोठारे असतात. एक संगणकापुरते असून त्याची मर्यादा 2023 मधील 114व्या आवृत्तीपासून 5 एमबीवरून 10 एमबी झाली. दुसरे खात्याबरोबर फिरते, मात्र त्यात एकूण 1,02,400 बाइट (साठवणीचे छोटे माप; एका एमबीत सुमारे दहा लाख बाइट) आणि एका नोंदीत 8,192 बाइटच मावतात.

ही मर्यादा इंग्रजीत पुष्कळ वाटते, आपल्या लिपींत ती लवकर संपते. संगणकात अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिपींच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात आणि मात्रा व हलन्त वेगळे मोजले जातात, त्यामुळे ‘क्षेत्र’ या शब्दाची सात चिन्हे होऊन त्याला 21 बाइट लागतात. आपल्या एका जोडीत सरासरी 25 चिन्हे धरली, तर 1,500 जोड्यांचे 1,12,500 बाइट होतात, म्हणजे संग्रह फिरत्या कोठारात मावणारच नाही. दोन भाषांत रोज काम करणाऱ्या आपल्यासारख्यांची ही अडचण खरी असून ती एक्स्टेन्शनच्या निर्मात्याला आवर्जून कळवावी.

तोपर्यंत जुन्या संगणकावर एक्स्टेन्शनच्या पर्यायांच्या पानावर ‘एक्स्पोर्ट’ची सोय शोधून सर्व जोड्यांची फाइल करावी, ती आपल्या क्लाउड खात्याच्या ड्राइव्हवर ठेवावी आणि नव्या लॅपटॉपवर आयात करावी. अशी सोय नसेल, तर जोड्या नकलून तक्त्यात उतरवाव्यात. काम कंटाळवाणे आहे, पण तीन-चार संध्याकाळींत उरकेल. फाइलमध्ये केवळ शब्द असावेत, पक्षकारांची नावे किंवा सर्व्हे नंबर नसावेत. पक्षकारांची माहिती खासगी राहावी, यासाठीच एक्स्टेन्शनला सर्व संकेतस्थळे वाचण्याची दिलेली परवानगी बदलून ती ‘क्लिक केल्यावरच’ अशी करावी.

आयातीनंतर जोड्यांची संख्या जुळते का आणि कन्नड जोडाक्षरे नीट उमटतात का, हे तपासावे. त्यानंतर जुना संगणक विकण्यास हरकत नाही.