आडवं पडलं की झटका का बसतो?

प्रश्न (रावेर): कंबरेच्या ऑपरेशननंतरही पायात कळा राहिल्या म्हणून वडिलांना मज्जारज्जूजवळ वायर टाकून कळ कमी करण्यासाठी हलका करंट देणारं यंत्र बसवलं आहे. बाजेवर पाठ टेकली की झटका बसतो, केळीच्या बागेत उभे असले की काहीच जाणवत नाही. यंत्र करंट आपोआप जुळवू शकतं का?

उत्तर: शकतं, पण तशी सोय त्या यंत्रात मुळातच असावी लागते. उताणं झोपलं की मज्जारज्जू वायरच्या जवळ सरकतो आणि तोच करंट जोरात लागतो. उभं राहिलं की अंतर वाढतं. काही यंत्रांतला सेन्सर अंगस्थिती ओळखून त्या-त्या स्थितीसाठी ठरवलेला करंट लावतो. खोकला किंवा शिंक मात्र त्याला कळत नाही. दुसरा प्रकार अधिक चांगला: करंटच्या प्रत्येक स्पंदानंतर मज्जातंतूंनी दिलेला प्रतिसाद तो मोजतो आणि लगेच पुढचा करंट बदलतो. अमेरिकेत अशा यंत्राला 2022 मध्ये मान्यता मिळाली.

तरी यंत्र सगळं ठरवत नाही. झोपून, बसून, उभं राहून, किती करंटला मुंग्या सुरू होतात आणि किती करंट सोसवत नाही ते तपासून डॉक्टर मर्यादा बांधतात. म्हणून आठवडाभर वहीत लिहा: वेळ, अंगस्थिती, रिमोटवरचा आकडा, कळ दहापैकी किती. तोवर पाठ टेकण्याआधीच करंट उतरवा.

मुंग्या पायाऐवजी पोटात किंवा बरगडीत येऊ लागल्या, तर वायर सरकली असण्याची शक्यता असते. तेव्हा सेटिंगशी खेळू नका, एक्स-रे काढून घ्या.